पंचनाम्यात नसलेलं वजन

26 डिसेंबर 2019 ला सकाळी सूर्यग्रहण होतं. माझी वहिनी तेव्हा पाचव्या महिन्यात होती. आठ वाजायच्या आत अम्मानं खिडक्यांना जुन्या चादरी लावल्या, विळी आणि सुईदोऱ्याचा डबा वरच्या फळीवर ठेवला. वहिनीला सांगितलं, अकरापर्यंत सरळ पडून राहा, काही चिरू नको, दुमडू नको. मी नर्सिंगच्या मुलींना शिकवते. ग्रहणानं बाळाचा ओठ फाटत नाही, हे वर्गात दरवर्षी सांगते. तरी त्या सकाळी अम्माशी वाद घातला नाही. एका पोटुशीसाठी तीन तास अख्खं घर दबक्या पावलांनी वावरत होतं आणि गल्लीतल्या पोरांनाही हळू बोला म्हणून सांगितलं जात होतं. कारण चुकीचं होतं, काळजी खरी होती.

पोटातल्या बाळाला ज्यानं खरोखर इजा होते, त्याच्यासाठी मात्र आपल्याकडं असलं काही पाळायची रीत नाही. चौकात दगड पडतात, रात्री बारा वाजता "आले, आले" अशी आवई उठते, सकाळी पोलिसांची गाडी भोंग्यावरून संचारबंदी पुकारत जाते. त्या वेळी कुणाच्या घरात कितवा महिना चालू आहे, हे कुणी विचारत नाही. पुढं पंचनामे होतात. फुटलेल्या काचा, जळालेल्या रिक्षा, लुटलेली दुकानं, जखमी, मृत, सगळं कागदावर येतं. त्या दिवसांत आईच्या पोटात असलेली बाळं कुठल्याच कागदावर येत नाहीत. माझं म्हणणं असं की ती आली पाहिजेत. तोवर आपल्या शहरातल्या हिंसेचा हिशेब अपुराच राहणार.

हे मी पुस्तकात वाचायच्या आधी घरात पाहिलं होतं.

2002 च्या ऑक्टोबरात मी अकरावीत होते. अमेरिकेतल्या एका धर्मोपदेशकानं प्रेषितांविषयी काढलेल्या उद्गारांच्या निषेधार्थ सोलापुरात बंद पुकारला गेला होता. त्यातून दगडफेक, जाळपोळ, गोळीबार, संचारबंदी. माणसं मेली. तो माणूस कुठला, काय बोलला, हे आमच्या गल्लीत कुणाला धड ठाऊकही नव्हतं. नवरात्र चालू होतं आणि माझी थोरली बहीण, अक्का, माहेरी आलेली होती. तिला तिसरा महिना लागला होता. हे फक्त अम्माला माहीत होतं, कारण आमच्याकडं तीन महिने पुरे झाल्याशिवाय ही गोष्ट तोंडातून काढत नाहीत.

आमचं घर पूर्व भागात, दोन खोल्यांचं. वडील यंत्रमागावर, अम्मा विड्या वळायची. बंदच्या आदल्या दिवशी तिनं कारखान्यातून पानं आणून भिजवून गोणपाटात गुंडाळून ठेवली होती. दुसऱ्या दिवसापासून कारखाना बंद, माग बंद. ओली पानं तशीच पडून राहिली आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांना कुबट वास सुटला. अक्काला आधीच वास सहन होत नव्हता. ती मोरीजवळ बसून उलट्या काढायची आणि पुन्हा भिंतीला टेकून बसायची. झोपायची नाही. गल्लीच्या तोंडाशी पुरुषांचा पहारा असे. त्यांतला एकजण येरझाऱ्या घालताना हातातला लोखंडी गज फरशीवरून ओढत न्यायचा. तो आवाज आला की अक्का उठून बसायची. मी तिच्या शेजारी झोपत असे. तिचा हात माझ्या मनगटावर असायचा आणि गज फरशीला लागला की तो हात घट्ट व्हायचा, दर वेळी.

समोरच्या गल्लीत एक खाला राहायच्या. दुपारी त्या आणि अम्मा एकाच ओट्यावर सुपं मांडीवर घेऊन विड्या वळायच्या. अक्काचं तोंड बघूनच त्यांनी ओळखलं होतं आणि अम्माला म्हणाल्या होत्या, "आता हिला सुपापाशी बसवू नकोस." तंबाखूची धूळ गर्भारपणात वाईट, हे अक्काला पहिल्यांदा सांगणारी बाई तीच. संचारबंदीच्या दिवसांत दोन्ही दारं बंद राहिली. शहर सुरळीत झाल्यावर खाला एकदा आल्या, वाटीत काहीतरी घेऊन. पण दोन्हीकडचे पुरुष बाहेर बसून बोलणं ऐकत होते. पाच मिनिटांत त्या गेल्या. पुढचे कित्येक महिने ओटा रिकामाच होता.

दसऱ्यानंतर दवाखान्यात नाव नोंदवायचं ठरलं होतं. ते दिवाळीवर गेलं आणि दिवाळीनंतर आणखी पुढं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या तेव्हा पाचवा महिना संपत आला होता. मार्चच्या मध्याला, दिवस भरायला महिनाभर असताना, अक्काला कळा सुरू झाल्या. मुलगी झाली. वजन 1 किलो 850 ग्रॅम. ती डोळे उघडायची, पण ओढून प्यायची ताकद तिच्यात नव्हती. अम्मा वाटीत दूध पिळून घ्यायची आणि चमच्यानं थेंब थेंब सोडायची. कापसात गुंडाळलेलं ते बाळ छातीशी धरून अक्का तीन आठवडे जवळजवळ बसूनच होती.

आता या गोष्टीवरून मी दंगलीला दोषी ठरवलं तर माझ्याच विद्यार्थिनी मला अडवतील, आणि त्यांनी अडवावंच. अक्काच्या अंगात रक्त कमी होतं. ती वीस वर्षांची होती. घरात तंबाखू होती, पैसा नव्हता. एका बाळावरून कारण ठरवता येत नाही. त्यासाठी हजारो, लाखो बाळांच्या नोंदी एकत्र बघाव्या लागतात, आणि तसं काम झालेलं आहे.

ब्राझीलमधल्या 2000 ते 2010 या काळातल्या जन्ममृत्यूच्या सरकारी नोंदी घेऊन अभ्यासकांनी पाहिलं की आईच्या गर्भारपणात आसपास खून झाले असतील, तर बाळाचं काय होतं. पहिल्या तीन महिन्यांत ही झळ लागली, तर बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं होण्याचा धोका वाढतो, असं निघालं. वाढ थोडी, पण नक्की. खून क्वचित होतात अशा लहान गावांतही ती दिसली आणि खून नेहमीचेच झालेल्या मोठ्या शहरांतही. कमी शिकलेल्या आयांच्या बाळांना फटका जास्त बसला.

पण मला सगळ्यात अस्वस्थ करतो तो कॅलिफोर्नियातला अभ्यास. 11 सप्टेंबर 2001 चा हल्ला झाला न्यूयॉर्कला. चार हजार किलोमीटर लांब कॅलिफोर्नियात पुढच्या सहा महिन्यांत जन्मलेल्या बाळांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा अरबी नावाच्या आयांना कमी वजनाचं बाळ होण्याचा धोका आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशानं वाढलेला होता. इतर गटांतल्या आयांमध्ये अशी वाढ नव्हती. यांतल्या बहुतेक बायकांना कुणी हात लावलेला नसणार. रस्त्यावरच्या नजरा बदलल्या, दुकानात नाव सांगताना जीभ अडखळू लागली, नवरा कामावरून येईपर्यंत जीव थाऱ्यावर राहिनासा झाला. तेवढ्यानं बाळाचं वजन उतरलं. 2008 च्या मे महिन्यात आयोवा राज्यातल्या पोस्टव्हिल या लहानशा गावात मांसाच्या कारखान्यावर धाड पडली आणि जवळपास चारशे स्थलांतरितांना धरलं. पुढच्या 37 आठवड्यांत राज्यभरातल्या लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, आयांना कमी वजनाची बाळं होण्याचा धोका आदल्या वर्षीच्या मानानं 24 टक्क्यांनी जास्त होता. ज्या अमेरिकेतच जन्मल्या होत्या, ज्यांना कुणी देशाबाहेर काढू शकत नव्हतं, त्यांचाही यात समावेश होता.

नाव, आडनाव, गल्ली यांवरून आपला नंबर लागू शकतो ही भीती सोलापुरातल्या विजापूर वेशीला किंवा जोडभावी पेठेला नवी नाही. 1967 च्या दंगलीची चौकशी तर रघुबर दयाल आयोगाकडं होती, इतकं ते प्रकरण मोठं होतं. त्या वेळी पोटात असलेली माणसं आज साठीच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांच्याविषयी कुणी कधी काही मोजलं नाही.

शरीरात होतं ते असं. भीतीनं आईच्या रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं. हे आईचं कॉर्टिसॉल बाळापर्यंत जसंच्या तसं जाऊ नये म्हणून वारेत (प्लासेंटात) एक विकर (एन्झाइम) असतं, ते त्याचा जोर मोडतं. पण चाळणीलाही मर्यादा असते. ताण दिवसेंदिवस चालला तर जास्तीचं कॉर्टिसॉल पलीकडं झिरपतं. दचकण्यानं सुटणाऱ्या दुसऱ्या संप्रेरकांमुळं गर्भाशयाकडं जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात. कळा कधी सुरू व्हायच्या याचं गणित ठेवणारं एक संप्रेरक वार स्वतः तयार करते आणि कॉर्टिसॉल त्याला पुढं ढकलतं, म्हणून काही बाळंतपणं आधी येतात. पहिल्या तीन महिन्यांत ही वारच अजून घडत असते.

म्हणजे ज्या काळात आपण गोष्ट लपवून ठेवतो, पोट दिसत नाही, शेजारणीलाही पत्ता नसतो, नेमका तोच काळ नाजूक. तणाव निवळतो, दुकानं उघडतात, पुढारी शांतता फेरी काढतात, वर्तमानपत्रं दुसऱ्या बातमीकडं वळतात. बाळं त्यानंतर पाच, सहा, सात महिन्यांनी जन्मतात. काट्यावर आकडा कमी दिसतो तेव्हा डॉक्टर कार्डावर रक्ताची कमतरता लिहितात. ते खोटं नसतं. पण ऑक्टोबरातल्या त्या रात्रींचा रकाना कार्डावर नसतोच.

यावर पहिला आक्षेप येतो तो आकड्यांचा. कोलंबियातल्या भूसुरुंगांच्या स्फोटांवरच्या अभ्यासात पहिल्या तीन महिन्यांत झळ लागलेल्या बाळांच्या सरासरी वजनातली घट निघाली नऊ ग्रॅमच्या आसपास. नऊ ग्रॅम म्हणजे दोन चमचे साखर. त्यासाठी एवढा गहजब? पण सरासरी म्हणजे सगळ्यांची मोट एकत्र बांधलेली असते. त्या भागातल्या कित्येक बाळांचं एक ग्रॅमही कमी झालेलं नसतं, आणि थोडी बाळं तीन-चार आठवडे आधी येऊन दीड-दोन किलोची निघतात. मी वॉर्डात ज्यांना भेटते, ती ही थोडी बाळं.

शिवाय आपली सुरुवातच कुठून होते ते बघा. पुण्याजवळच्या खेड्यांत 1993 पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुढाकारानं जो अभ्यास चालू आहे, त्यात नवजात बाळांचं सरासरी वजन साधारण 2.7 किलो निघालं. इंग्लंडातलं बाळ साडेतीन किलोच्या आसपास. अडीच किलोच्या खाली गेलं की बाळ कमी वजनाचं धरतात. तिकडच्या बाळाचे दोनशे ग्रॅम घटले तरी ते सुखरूप हद्दीत राहतं. इथल्या सरासरी बाळाचे दोनशे ग्रॅम गेले की ते रेषेलाच टेकतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या निम्म्याहून जास्त गर्भवती रक्तक्षयाच्या निघाल्या. अशा शरीरात झीज सोसायला शिल्लक कुठली? रेषेखालच्या बाळाला थंडी लवकर बाधते, जंतुसंसर्ग लवकर होतो, अंगावर पिण्यात अडचण येते आणि पहिल्या महिन्यात दगावण्याचा धोका कितीतरी वाढतो. जगलं वाढलं तरी उंची, शिक्षण, पुढं मधुमेह, यांत कुठं ना कुठं त्याचा माग लागतो.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. खरं कारण गरिबी आहे, हिंसेचं काय घेऊन बसलात? आधी सकस अन्न द्या, पाणी द्या. हे म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही, मीही तेच मागते. पण सोलापुरात हिंसा आणि गरिबी या दोन वेगवेगळ्या गोष्टी म्हणून येतच नाहीत. विडी कामगार बाईचा पगार महिन्याचा नसतो. पानं आणायची, घरी वळायच्या, मोजून द्यायच्या, हजारामागं मजुरी घ्यायची. कारखाना चार दिवस बंद म्हणजे चार दिवस चुलीवर काय ठेवायचं हा प्रश्न. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. नळाचा दिवस नेमका संचारबंदीत आला आणि घरातले पुरुष भीतीनं किंवा अटकेच्या धास्तीनं गायब असले, तर कळशी कोण उचलतं? सातव्या महिन्यातली सूनच उचलते. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गर्भवतींची खास तपासणी असते. ती तारीख तणावात गेली की पुढची महिन्याभरानं, आणि महिनाभरात रक्तदाब कुठल्या कुठं जातो. गरिबीनं पातळ झालेल्या जागी हिंसा बोट घालते. ब्राझीलच्या नोंदींत कमी शिकलेल्या आयांच्या बाळांना जास्त फटका का बसला, याचं उत्तर मला आमच्या पूर्व भागातल्या कुठल्याही घरात सापडतं.

आणि मी फक्त दंगलीबद्दल बोलत नाही. दंगल दहा-वीस वर्षांतून एकदा. गल्लीतलं भांडण दर आठवड्याला. दारूच्या गुत्त्यावरून सुरू झालेली मारामारी घराच्या दारापर्यंत येते. पोरं कोयते नाचवत रील काढतात आणि तीच रील बायकांच्या मोबाइलवर फिरते. कुणाच्या तरी वाढदिवसाला तलवारीनं केक कापला जातो आणि पुढच्या आठवड्यात तीच तलवार बदला म्हणून निघते. यात जिचा कुणाशी संबंध नाही, ती बाई रात्री बाहेरच्या संडासाला जायचं टाळते, म्हणून संध्याकाळपासून पाणी पीत नाही. गर्भारपणात लघवीचा संसर्ग आणि वेळेआधीच्या कळा यांचा संबंध मी पहिल्याच वर्षाच्या मुलींना शिकवते.

मागं एका आशाताईंशी बोलत होते. पंधरा वर्षं एकाच भागात काम केलेली बाई. म्हणाल्या, "काय सांगू ओ मॅडम, तणाव असला की दार वाजवल्यावर आधी खिडकीतनं बघतेत. आमची साडी ओळखीची म्हणून उघडतेत तरी. पण आमालाबी घरचे कुठं सोडतेत?" मग थोडं थांबून म्हणाल्या, "माझ्या वहीत त्या वेळी सतरा जणी होत्या. मला वरनं फोन आला तो गोळ्यांच्या हिशेबाचा. सतरा जणी कशा हायत म्हणून कुणी विचारलं नाही."

असाही एक सूर असतो की बायका फाळणीत बाळंत झाल्या, दुष्काळात झाल्या, आपल्या आज्या शेतात बाळंत होऊन संध्याकाळी भाकऱ्या थापत होत्या. हे अभिमानानं सांगणाऱ्यांना मी एकच विचारते, त्या आजीची किती बाळं गेली? माझ्या आजीची चार गेली. जी उरली त्यांच्याकडं बोट दाखवून आपण तिच्या सोसण्याचं कौतुक करतो आणि ज्या चार पाळण्यांची दोरी रिकामीच हलली, त्यांना मोजत नाही.

एका धोक्याची जाणीव मात्र मला आहे. हे सगळं ऐकून कुणी गर्भवतीलाच धारेवर धरेल. आमची एक विद्यार्थिनी वॉर्डात एका बाईला कळवळून म्हणाली, "ताई, टेन्शन घेऊ नका, बाळावर परिणाम होतो." ती बाई शांतपणे म्हणाली, "मी कुठं घेतलं? ते आणून दिलं." मुलगी रडवेली झाली. त्या दिवशी तासाला मी दुसरं काही शिकवलं नाही. ताण घेऊ नका हा सल्ला देऊन आपण जबाबदारी तिच्याच पदरात टाकतो. दगड मारणारा मोकळा, चिथावणारा मोकळा आणि मन घट्ट ठेवलं नाही म्हणून आई दोषी. तिला सांगण्यासारखं इतकंच आहे की तुझी चूक नाही, तपासणी चुकवू नको, तुला ने-आण करायला माणूस येईल. आणि माणूस खरोखर आला पाहिजे.

कॅलिफोर्नियाच्या अभ्यासाला एक जोडगोष्ट आहे. तशीच तपासणी मिशिगन राज्यात झाली तेव्हा अरब आयांच्या बाळांमध्ये तसा फरक आढळला नाही. मिशिगनमध्ये अरबांची वस्ती जुनी आणि दाट आहे, आपली दुकानं, आपली प्रार्थनास्थळं, आपल्या बायकांचा राबता. त्यामुळंच बाळं वाचली असं मी ठामपणे म्हणू शकत नाही, पण मला तसं वाटतं. खाला आणि अम्मा ज्या ओट्यावर बसायच्या, तो ओटा औषधाचं काम करत होता. गर्भारशीला सुपापासून उठवणारी, तोंड सुजलेलं दिसलं तर दवाखान्यात जा म्हणणारी बाई तिथं रोज दुपारी हजर होती. ऑक्टोबरात एकही दगड आमच्या घरावर पडला नाही. आमचं जे मोडलं ते एवढंच होतं, आणि त्याची नोंद कोण करणार?

तर नोंदीबद्दल. यासाठी नवी यंत्रणा लागत नाही. आशाताईंच्या वहीत प्रत्येक गर्भवतीची शेवटच्या पाळीची तारीख आणि बाळंतपणाची अंदाजे तारीख असते. प्रत्येक जन्माच्या नोंदीत वजन असतं. 102 आणि 108 च्या गाड्या आहेत. जमावबंदी असो की संचारबंदी, पूर्वीचं कलम 144 आणि आता नागरिक सुरक्षा संहितेतलं कलम 163, त्याचा आदेश निघतो तेव्हा दूध, वर्तमानपत्रं, औषधं यांना सूट लिहिलेली असते. त्याच ओळीत गर्भवती आणि तिच्यासोबतचं एक माणूस यांना दवाखान्यासाठी सूट असं स्पष्ट लिहावं, म्हणजे बॅरिकेडवरच्या शिपायासमोर तिला आपलं पोट दाखवून विनवणी करावी लागणार नाही. आदेश निघाल्यापासून चोवीस तासांत महापालिकेच्या आरोग्य विभागानं त्या भागातल्या प्रत्येक गर्भवतीला फोन करावा. सातव्या महिन्यापुढच्या आणि जोखमीच्या बायकांना त्याच दिवशी, आणि बाकीच्यांना आठवड्याच्या आत घरी जाऊन तपासावं. चुकलेल्या 9 तारखेची तपासणी महिनाभर न थांबता पहिल्या मोकळ्या दिवशी घ्यावी. ही यादी आरोग्य खात्यातच राहावी, पोलिसांच्या किंवा नगरसेवकाच्या हाती जाऊ नये. नावपत्त्यांच्या याद्यांचा दंगलीत काय उपयोग होतो, हे या देशानं पाहिलेलं आहे.

ज्यांनी अजून नाव नोंदवलेलं नाही, तीन महिने पुरे व्हायची वाट बघत आहेत, त्यांचं काय? तणाव निवळताच आशाताईंनी निश्चय किट, म्हणजे गर्भारपण तपासायचं सरकारी किट, घेऊन त्या भागात घरोघर जावं. तपासणी करू का, एवढं विचारलं तरी बायका सांगतात. सासूसमोर नाही सांगत, पाण्याच्या रांगेत सांगतात. लोहाच्या आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या दोन महिने आधी सुरू झाल्या असत्या तर अक्काचं काय झालं असतं, हा विचार मी आता करत नाही. पण दुसऱ्या कुणाच्या अक्कासाठी तो करता येतो.

आणि पुढचे नऊ महिने त्या भागात जन्मणाऱ्या बाळांची वजनं आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी ताडून बघावीत. आपल्याकडं 1963 साली सुरू झालेलं वैद्यकीय महाविद्यालय आहे, तेही सरकारी. सिव्हिलमध्ये नुसत्या शहरातूनच नाही, जिल्ह्याबाहेरूनही बाळंतपणं येतात. पदव्युत्तर विद्यार्थ्याला हे काम काही आठवड्यांचं आहे. निघालेला आकडा, तो मोठा असो की लहान, पंचनाम्याच्या शेवटच्या पानावर जावा. दंगलीला चिथावणाऱ्यांवर खटला चालला तर न्यायालयासमोर जावा. फरक आढळला नाही, तर तेही छापावं. मला आनंदच होईल.

दोन वर्षांपूर्वी सणासुदीच्या आधी झालेल्या शांतता समितीच्या एका बैठकीला मी गेले होते. पन्नास-साठ खुर्च्या, त्यांत आम्ही चार बायका. मिरवणुकीचे मार्ग, साउंडची वेळ, मंडळांची क्रमवारी, कमानीची उंची, सगळ्यावर दोन तास चर्चा झाली. मी हात वर करून विचारलं, या मिरवणूक मार्गावर सध्या किती गर्भवती राहतात? अध्यक्षस्थानी बसलेल्या अधिकाऱ्यांनी शेजारच्याकडं बघितलं. त्यानं फाइल उघडली आणि मिटली. मागून कुणीतरी म्हणालं, मॅडम, विषय वेगळा आहे.

या वर्षी गणपतीच्या आधीच्या बैठकीला मी आकडा घेऊन जाणार आहे. आमच्या भागातल्या तीन आशाताईंशी बोलणं झालंय. नावं नकोत, पत्ते नकोत, फक्त कोणत्या गल्लीत किती आणि कितवा महिना. पहिल्या गल्लीचा आकडा परवा आला. नऊ जणी. त्यांतल्या चार जणींना तिसरा महिना आहे.